मानेचं माप

"या दगडाला मोगऱ्याचा वास कसा काय?" गायधनी साहेबांनी टेबलावर वाकून विचारलं.

चाचणीसाठी मागवलेलं ग्रॅनाइटचं ते जड टेबल सकाळी नऊला यायचं होतं, ते आलं दुपारी बाराला. मधले तीन तास ते आमच्याच ओळीतल्या अगरबत्तीच्या कारखान्यात, ओल्या काड्यांच्या शेजारी पडून होतं. टेम्पोवाल्या युनूसभाईंनी आमच्याऐवजी ते तिथे उतरवलं होतं.

"पत्ता मी स्वतः फोनवर सांगितला होता सर," मी म्हणालो. "लोकांचं लक्षच नसतं."

"असू दे. वासाने कंपन बदलत नाही. लाव तुझी वाटी."

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली. आमची कंपनी चौदा माणसांची. गायधनी साहेब तिचे मालक, मुख्य शास्त्रज्ञ आणि पाण्याची मोटर बिघडली की मेकॅनिकही. आम्ही वळण ओळखणारे सेन्सर बनवायचो. समुद्रात बोट कितीही हेलकावली तरी तिच्यावरचा अँटेना उपग्रहाकडेच बघत राहावा, यासाठी बोट किती वळली हे कुणीतरी सतत सांगावं लागतं. ते सांगणारी आमची वाटी.

वाटी म्हणजे खरोखरच वाटी. पोलादाची, मोठ्या सुपारीएवढी, खाली बारीक मान आणि मानेखाली बैठक. तिला विजेने हलकेच छेडलं की तिची कड सेकंदाला चार हजार वेळा थरथरायची. याला आम्ही वाटीचं गाणं म्हणायचो. बोट वळली की हे थरथरणं कडेवरून जरासं सरकायचं, त्यावरून वळण मोजायचं. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालायचं.

पण वाटीला एक वाईट खोड होती. ती मानेवर डुलायची, एखाद्या माणसाने होय होय म्हणावं तशी. आम्ही त्या खोडीला होयबा म्हणायचो. होयबाचा वेग मानेच्या जाडीवर ठरतो. तो गाण्याच्या बरोबर दुप्पट आला की खेळ खलास. वाटी एकदा थरथरते तेव्हा मानेला दोन टपल्या बसतात. टपल्यांचा आणि डुलण्याचा ताल जमला की गाण्यातली सगळी ताकद होयबा खाऊन टाकतो, आणि टेबलावर मुकाट बसलेली वाटी बेधडक सांगायला लागते की मी वळतेय.

होयबाला दुपटीपासून लांब ठेवायचं, यासाठीच मला नोकरीवर घेतलं होतं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. त्यातले पाच झाले होते आणि मी स्वतःवर फार खूश होतो. नव्या वाटीसाठी मी तीन आठवडे कॉम्प्युटरसमोर बसून मानेची अशी जाडी काढली होती की होयबा सव्वादोनपटीला जाऊन बसेल. दुपटीच्या आसपासही फिरकणार नाही.

मी वाटी टेबलावर ठेवली आणि वीज दिली. पडद्यावर शून्य आलं. साहेब खूश झाले. मग शून्याचे दोन झाले, दोनाचे सात झाले, आणि अर्ध्या मिनिटात आमची वाटी जागच्या जागी गरागरा फिरत असल्याचं आम्हाला कळलं.

"मिहिर," साहेब शांतपणे म्हणाले, "ही वळतेय का?"

"नाही सर."

"मग असं का म्हणतेय?"

मी होयबाचा वेग तपासला. आठ हजार. चार हजाराची बरोबर दुप्पट.

साहेबांनी स्वतः वाटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मान भरली १.५९ मिलिमीटर. मी कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, १.६९. तारखेसकट.

"द्वारकाताईंना बोलवा," साहेब म्हणाले.

द्वारकाताई भामरे आमच्या ग्राइंडिंग मशीनवर होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. अकरा वर्षं पॅकिंगला काढून तीन वर्षांपूर्वी त्या मशीनवर आल्या होत्या. मशीनवर बसायला दहावी पास लागते असा नियम साहेबांनी स्वतःच केलेला, आणि ताई नववी पास. पण एकदा मशीनवरचा माणूस रजेवर असताना त्यांनी सहज म्हणून एक मान घासून दाखवली आणि साहेबांनी स्वतःचा नियम गुंडाळून ठेवला. बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

ताईंनी दोन्ही आकडे पाहिले आणि खिशातली छोटी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यात निळ्या शाईत होतं: 'मान १.५९. मिहिरसर.'

"मी सिक्स्टी-नाइन सांगितलं होतं," मी म्हणालो.

"इंग्रजीत नव्हतं सांगितलं सर. मशीन चालू होतं, तुम्ही दारातनं मराठीत सांगितलं. मी परत विचारलं, नक्की ना? तुम्ही हो हो म्हणालात."

"मराठीत सांगितलं असेल, पण सांगितलं तेच, ताई. फाइल बघा ना."

"भाषेचा प्रश्न नाहीये," साहेब म्हणाले. "ड्रॉइंग कुठाय?"

"ड्रॉइंग मागाहून देणार होतो सर. घाई होती."

"ते तुझं चुकलं." ते ताईंकडे वळले. "पण आकडा तुम्ही चुकीचा ऐकलात. सहाच्या सहा वाट्या गेल्या. पाच तर सीलबंद झाल्या, आता उघडताही येणार नाहीत. शुक्रवारी कोचीहून बोटींच्या अँटेनावाली माणसं वाटी बघायला येतायत. त्यांना काय दाखवू, अगरबत्ती?"

त्यांनी वही मिटून ताईंपुढे सरकवली.

"मी लोकांचं न ऐकता तुम्हाला मशीनवर बसवलं, ताई. नियम काहीतरी विचारानेच केलेला असतो. उद्यापासून पुन्हा पॅकिंगला जा."

ताई बरं म्हणाल्या. मशीनजवळ जाऊन त्यांनी पुसायचं फडकं घडी करून ठेवलं, स्टुलावरची उशी काखेत मारली आणि निघाल्या. खरं सांगतो, मला त्यांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. फाइलमधला माझा आकडा बरोबर होता.

मंगळवारी सकाळी मी उघड्या राहिलेल्या त्या एका वाटीकडे बघत बसलो होतो. नवी वाटी ओतून घ्यायची तर महिना जाणार. होयबाला दुपटीवरून वर ढकलायचं तर मान जाड हवी, आणि घासलेलं पोलाद काही परत चिकटत नाही. बसून बसून कंटाळलो तेव्हा थर्माकोल आणण्याच्या निमित्ताने पॅकिंगमध्ये गेलो.

ताई खोक्यांना टेप लावत होत्या.

"कसं काय ताई?"

"बरंय की. इथं पंखा चांगला आहे." त्यांनी टेप फर्रकन ओढली. "एकच आहे सर. मशीनवर हात कुठं थांबवायचा ते मला समजायचं. इथं टेप कुठंही कापली तरी चालती."

मी थर्माकोलचे तुकडे निवडत राहिलो.

"वाटीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही होत नाही. दुपटीच्या पलीकडे जायला मान जाड लागते. ती आता कुठून आणायची?"

"पलीकडंच का जायचं? अलीकडं आलं तर?"

"नाही हो ताई, ते तसं नसतं," मी म्हणालो. इंजिनिअर माणूस हे वाक्य विचार न करता म्हणतो, मीही तसंच म्हणालो.

जिना चढताना माझे पाय मंदावले. तसं का नसतं? मान आणखी बारीक केली तर होयबाचा वेग आणखी कमी होईल, दुपटीच्या खाली जाईल. खाली किती? जागेवर धावत जाऊन मी आकडे भरले. मान १.४९ केली तर होयबा पावणेदोनपटीला जाऊन बसत होता. पलीकडे जितका लांब बसणार होता, अलीकडेही तितकाच लांब. १.४५च्या खाली गेलं तर मात्र बोटीच्या हादऱ्यांनी मान वाकली असती. म्हणजे जागा होती, पण फार थोडी होती.

ही बातमी घेऊन मी साहेबांकडे निघणार तेवढ्यात युनूसभाई दारात उभे राहिले. टेबल मिळाल्याच्या पावतीवर माझी सही हवी होती.

"काय युनूसभाई," मी सही करता करता म्हणालो, "काल दगडाला अत्तर लावून आणलंत."

"मी काय करणार साहेब? तुम्ही सांगितलं तिथंच उतरवलं."

"मी आमचा पत्ता सांगितला होता."

"हे बघा ना." त्यांनी पावतीच्या मागची बाजू दाखवली. पेन्सिलीने लिहिलं होतं, प्लॉट ५९. "तुम्ही फोनवर म्हणाले एकोणसाठ. मी म्हटलं, एकोणसाठ ना नक्की? तुम्ही म्हणाले, हो हो. एकोणसाठला अगरबत्तीवाला आहे. त्यानं घेतलं पण उतरवून, बिचाऱ्याला वाटलं कुणी भेट पाठवली."

"बरोबर आहे ना मग. एकोणसाठच आमचा प्लॉट. साठ आणि नऊ."

युनूसभाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. माणूस थट्टा करतोय की काय, असा तो चेहरा होता.

"साठ आणि नऊ म्हणजे एकोणसत्तर, साहेब. एकोणसाठ म्हणजे साठाच्या आधीचा."

"आधीचा?"

"आधीचा. पन्नास आणि नऊ." ते हसायला लागले. "तुम्ही मराठीच ना?"

ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो. मी दादरला वाढलो, घरात मराठीशिवाय शब्द नव्हता. पण शाळा कॉन्व्हेंटची, आणि आमच्या घरात तिशीच्या पुढचे आकडे सगळे इंग्रजीतच बोलायचे. चुकून कधी मराठीत म्हणायची वेळ आली की मी साठ घ्यायचो, त्याला नऊ जोडायचो आणि ऐटीत एकोणसाठ म्हणायचो. पंचवीस वर्षांत मला कुणी अडवलं नव्हतं. युनूसभाईंनी अडवलं होतं, ताईंनीही अडवलं होतं, आणि दोघांनाही मी हो हो म्हणालो होतो. कारखान्यातला खरा होयबा मीच निघालो.

पावतीची प्रत माझ्या टेबलावर होती. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर बंद केला, मग उगाचच पुन्हा उघडला. प्रोबेशनचा एक महिना उरला होता. घरी आईने शेजारीपाजारी मुलगा शास्त्रज्ञ झाल्याचं सांगून ठेवलं होतं. आणि माझ्या हातात तर वाटी वाचवायचा उपायही होता. गप्प बसलो असतो तर कुणाला काय कळणार होतं?

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि फक्त उपाय सांगितला. साहेबांनी कागद माझ्याकडून ओढून घेतला, स्वतः गणित करून पाहिलं, आणि टेबलावर थाप मारली.

"वाचवलंस रे. अलीकडे यायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं सुचलं?"

मी टेबलावरचं पेन उचलून स्टँडमध्ये ठेवलं.

"घासून कुठून घ्यायची? सातपूरला एक जण आहे, त्याला विचारतो. आणि जाता जाता द्वारकाताईंना सांग, म्हणावं आकडे नीट ऐकायला शिका. बाई चांगली आहे, पण शेवटी नववी."

ते नववी माझ्या कानात अडकलं. मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो.

"सर, एकोणसाठ म्हणजे किती?"

"फिफ्टी-नाइन. का?"

"मला तासाभरापूर्वीपर्यंत वाटत होतं, सिक्स्टी-नाइन."

साहेबांनी चष्मा काढला.

"आणि एकोणसत्तर?"

"सेव्हन्टी-नाइन."

"एकोणऐंशी?"

"सर, पुढचं विचारू नका."

ते खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. आधी वाटलं रागाने, मग कळलं की ते हसू दाबताहेत. पण माझ्याकडे वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"म्हणजे ताईंनी तू सांगितलेलं अगदी बरोबर ऐकलं."

"हो. आणि अलीकडे यायचं, हेही त्यांनीच सुचवलं. मी त्यांना तसं नसतं म्हणालो होतो."

"तुझं प्रोबेशन तीन महिने वाढवतोय," ते म्हणाले. "चुकल्याबद्दल नाही. त्यांना परत विचारू न दिल्याबद्दल. आता जा आणि मला सांगितलंस ते सगळं त्यांना सांग. मी आलोच."

पॅकिंगमध्ये ताई अजून खोकीच बांधत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, युनूसभाईंचं, अगरबत्तीचं, साठ आणि नऊचं. त्या टेप लावत ऐकत राहिल्या. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी टेप खाली ठेवली.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत."

"एकदम ठीक आहेत."

"काल रात्री मी पोरीला लांब उभं करून आकडे म्हणायला लावले. ती म्हणायची, मी लिहायचे. शंभर आकडे लिहिले. एकही चुकला नाही, तरी मनात यायचं, मशीनच्या आवाजानं कान गेले का आपले?" त्यांनी चष्मा पदराने पुसला. "फार वाईट वाटलं हो सर. उगाच नाही म्हणत."

"माझी चूक होती, ताई. माफ करा."

"ते ठीके. पण साठ आणि नऊ एकोणसाठ?" आता त्या हसायला लागल्या, आणि चांगल्या पोट धरून हसल्या. "एकोण म्हणजे एक उणा हो सर. नाव पुढच्याचं घ्यायचं आणि त्यातला एक काढायचा. मी नववी शिकलेली, म्हणजे बघा, एकोणदहावी."

तेवढ्यात दारात साहेब आले. त्यांच्या काखेत ताईंची उशी होती. दाराजवळच्या खोक्यांमागे ठेवलेली ती त्यांनी कधी उचलली कुणास ठाऊक.

"ताई, चला. मशीन रिकामं आहे," ते म्हणाले आणि पुढे काहीतरी म्हणायचं म्हणून घसा खाकरला. "माझं काल चुकलं. मी फाइल बघितली, तुमची वही नीट बघितली नाही."

ताईंनी उशी घेतली. "तोंड कोण होणार?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे मान घासायची ती दोघांनी. एक जण हात, एक जण तोंड. हाताने नजर ठिणग्यांवरून काढायची नाही, म्हणून जाडीचा आकडा मागच्या भिंतीवरच्या काट्यावर बघून तोंडाने मोठ्याने सांगायचा. आकडा कानावर पडला की हात थांबायचा.

"मीच सांगतो," साहेब म्हणाले.

"नको. मिहिरसर सांगतील." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मराठीत. इंग्रजी आकडा माझ्या हाताला उशिरा कळतो."

"सुटा सुटा सांगू का? चार, नऊ, असं?"

"अख्खा सांगा. आधी म्हणून दाखवा. साठपासून उलटे."

साहेबांच्या देखत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मी साठपासून उलटे आकडे म्हटले. पहिल्यांदा त्रेपन्नाऐवजी त्रेचाळीस म्हणालो. दुसऱ्यांदा बावन्न आणि बेचाळीसची गल्लत केली. तिसऱ्यांदा सुरळीत झालं. मग मशीनपाशी येऊन ताईंनी वाटी लावली, चष्मा चढवला आणि चाक फिरवलं.

ठिणग्या उडायला लागल्या. सहा वाट्यांतली ही शेवटची. ही गेली की कोचीची माणसं आल्या पावली परत जाणार होती, आणि ताईंच्या नावावर खरोखरची चूक लागणार होती. मी काट्याकडे डोळे लावले.

"अठ्ठावन्न," मी ओरडलो. "सत्तावन्न. छप्पन्न."

ताईंचा हात संथ चालला होता. साहेब माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"पंचावन्न. चोपन्न." थोडा दम घेतला. "त्रेपन्न. बावन्न."

"मोठ्यानं," ताई म्हणाल्या.

"एक्कावन्न. पन्नास."

काटा पन्नासावर रेंगाळला. आता पुढचा आकडा म्हणजे चार आणि नऊ, हे डोळ्यांना माहीत होतं. आणि पंचवीस वर्षांची खोड काही तासाभरात गेलेली नव्हती. माझ्या जिभेवर एकोणचाळीस येऊन बसलं होतं. पार दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. नाव पुढच्याचं घ्यायचं. पण आम्ही उलटे निघालो होतो, म्हणजे पुढचा कुठला, मागचा कुठला? मग एकदम लक्षात आलं की विचार करायचं काही कारणच नाही, तो आकडा मी आत्ताच म्हणालोय. पन्नास. त्यातला एक गेला.

"एकोणपन्नास!"

मी शब्द पुरा करायच्या आत ठिणग्या थांबल्या होत्या. ताईंनी वाटी सोडवली, फडक्याने पुसली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आम्ही दोघं उभे.

"एकोणपन्नास," साहेब म्हणाले. "वर खाली काही नाही."

ताई खाली बसल्या, पदराने कपाळ पुसलं. "पन्नासातला एक उणा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एवढंच असतं ते."

वाटी पुन्हा मोगऱ्याच्या वासाच्या टेबलावर ठेवली, वीज दिली. पडद्यावर शून्य आलं. आम्ही तिघं त्या शून्याकडे बघत राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शून्याने हलायचं नाव घेतलं नाही. ताईंनी मध्येच टेबलावर बोटाने टिचकी मारली, तरीही नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

शुक्रवारी कोचीचे दोघं आले. त्यांनी तासभर स्तब्ध टेबलावरचं शून्य बघितलं, मग वाटी फिरत्या पाटावर ठेवून फिरवली, हादरवली, पुन्हा फिरवली. जाताना त्यातल्या वयस्कर माणसाने विचारलं की सगळे लोक होयबाला दुपटीच्या वर नेतात, तुम्ही खाली का आणलं? साहेबांनी ताईंकडे बोट दाखवलं. "ती कल्पना यांची," ते इंग्रजीत म्हणाले. त्या गृहस्थांनी ताईंना वाकून नमस्कार केला. ताईंना त्यांचं बोलणं कळलं नव्हतं, पण नमस्कार कळला.

त्यानंतर कारखान्याच्या भिंतीवर एक पाटी लागली: 'माप लिहूनच द्यावे. तोंडी माप चालणार नाही.' खाली खडूने कुणीतरी 'एकोणसाहेबांच्या हुकुमावरून' असं लिहिलं. मी दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायचा नाद सोडला. ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. पुढे मी डिझाइनचा प्रमुख झालो, नव्या मुलांना होयबा आणि दुपटीचं गणित शिकवायला लागलो, तेव्हाही ती मुलं पाठीमागे मला एकोणसाहेबच म्हणायची.

गेल्या वर्षी द्वारकाताई निवृत्त झाल्या. शेवटपर्यंत मशीनवरच होत्या. मधल्या काळात बाहेरून दहावीला बसल्या आणि गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून पास झाल्या, हे त्यांनी मला वर्षातून किमान दोनदा ऐकवलं. निरोपाचा कार्यक्रम जेवणाच्या हॉलमध्ये होता. साहेब काठी टेकत आले होते. युनूसभाईंनाही मुद्दाम बोलावलं होतं. पुढच्या रांगेत ताई नव्या साडीत, मांडीवर छोटा डबा घेऊन बसल्या होत्या. डब्यात ती १.४९ची वाटी होती. कोचीच्या लोकांनी ती वापरून झाल्यावर आम्हाला परत पाठवली होती, आणि ती आम्ही ताईंना भेट दिली.

बोलायची जबाबदारी माझ्यावर होती. कागदावर सगळं लिहून आणलं होतं, पण माईकसमोर उभा राहिलो आणि कागद खिशात ठेवला.

"ताई या कंपनीत पंचाण्णव साली आल्या," मी म्हणालो. "आज चोवीस साल. म्हणजे त्यांना इथे वर्षं झाली..."

मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी पैज लावली असणार. साहेबांनी काठी घट्ट धरली. युनूसभाई ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. मी ताईंच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"एकोणतीस," मी म्हणालो.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. त्यांनी सावकाश चष्मा चढवला, बोटांवर तीस धरले, त्यातलं एक बोट मिटलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.